कमरेखालचा रंग तेवढा बदला

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
प्रत : मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री



परिचारिकेचं पत्र म्हटलं की ते कोणत्या फायलीला लागणार हे पाकीट फोडायच्या आधीच ठरलेलं असतं. रिक्त पदं, कंत्राटी भरती, बदल्या, वेतनातल्या त्रुटी. ते सगळं आहेच, आणि आमच्या संघटना त्याचा पाठपुरावा करत असतात. मी आज एका पँटबद्दल लिहिते आहे. पांढऱ्या पँटबद्दल किंवा सलवारीबद्दल. आमच्या पिढीला साडी होती. आणि पाळीच्या चार-पाच दिवसांत हे पांढरं घालून वॉर्डात उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल.

मी निवृत्त परिसेविका आहे. सर्जरीचा वॉर्ड, लेबर रूम, आयसीयू असा प्रवास झाला आणि शेवटची काही वर्षं नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात हाताखाली घेण्यात गेली. पांढरा रंग सगळीकडे आहे असं माझं म्हणणं नाही. खासगी रुग्णालयांत निळे, जांभळे, मरून स्क्रब आले. काही ठिकाणी कुडता रंगीत झाला. पण नर्सिंगच्या शाळा-महाविद्यालयांत आणि पुष्कळ वॉर्डांत पांढरा अजून ठाण मांडून आहे, आणि जिथे वरचा कुडता बदलला तिथेही खालची सलवार पांढरीच राहिलेली मी पाहिली आहे. गंमत अशी की बदलायची खरी गरज खालीच होती.

पाळीत पांढरं घालायचं म्हणजे काय करावं लागतं, हे वॉर्डाच्या पाहणीला आलेल्या मंत्र्यांना कोणी सांगत नाही. तेव्हा सविस्तर सांगते.

पांढऱ्याखाली पांढरं घालून भागत नाही, ते आरपार दिसतं. आत घालायचं ते अंगाच्या रंगाचं. हे अभ्यासक्रमात नसतं, होस्टेलमध्ये सीनियर मुलगी शिकवते. मग पॅड, त्याच्या मागच्या बाजूला सरकवून दुसरा पॅड, दोन निकर, त्यावर सायकलिंग शॉर्ट आणि त्यावर सलवार. हे सगळं मे महिन्यात, चंद्रपूरला किंवा जळगावला, जिथे वॉर्डातला पंखा पेशंटच्या डोक्यावर असतो आणि सिस्टर दोन खाटांच्या मधल्या बोळात असते. मांड्या सोलवटून निघतात. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. मग लघवीला जळजळ. पॅड चार ते सहा तासांनी बदलावा, हे किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये शाळकरी मुलींना समजावून सांगणारी बाई हीच. तिच्या स्वतःच्या रात्रपाळीत चार तास कधी होऊन गेले ते कळत नाही, कारण तेवढ्यात कॅज्युअल्टीतून पेशंट वर आलेला असतो.

हँडओव्हर चालू असतो. कुठल्या पेशंटचं सलाइन संपत आलंय, कुणाचा कॅथेटर बदलायचाय, कुणाला रात्री ताप होता, हे सांगता सांगता मध्येच आवाज खाली येतो : "मागे बघ गं, काही लागलंय का?" दुसरी बघते, मान हलवते, आणि दोघी पुन्हा इंजेक्शनच्या वेळांवर येतात. राउंडला सगळ्यांत शेवटी राहायचं, म्हणजे आपल्या मागे कोणी नसतं. केसपेपरांचा गठ्ठा छातीशी धरायचा सोडून पाठीशी धरायचा. स्टूल रिकामं असलं तरी टेकायचं नाही, कारण उठल्यावर काय दिसेल याचा भरवसा नाही. खाटेभोवती डेमॉन्स्ट्रेशन चालू असताना एखादी विद्यार्थिनी भिंतीला पाठ लावून उभी असते, पुढे येतच नाही. ट्यूटरच्या वहीत तिच्या नावापुढे "शिकण्यात रस नाही" असा शेरा पडतो. असे शेरे मी वाचले आहेत, आणि त्यातल्या काही मुलींना त्या दिवशी काय झालं होतं ते मला माहीत होतं.

एवढं करूनही डाग पडतोच. मग बाथरूममध्ये जाऊन थंड पाणी. गरम पाणी नाही, त्याने रक्तातलं प्रथिन कापडात आणखी घट्ट बसतं. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-चार थेंब. फेस येतो, डाग फिकट होतो. हे ज्ञान आम्हा सगळ्यांना असतं. पण ओलं झालेलं पांढरं सुती कापड अंगाला कसं चिकटतं आणि त्यातून काय काय दिसतं, यावर आमच्याकडे काही रसायन नाही. ती सलवार अंगावरच वाळवत उरलेली ड्यूटी निघते.

रक्त असतं तरी किती? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर. चहाचे सहा-आठ चमचे, आणि तेही चार-पाच दिवसांत मिळून. ८० च्या वर गेलं तर वैद्यकशास्त्र त्याला जास्त म्हणतं. आम्ही पेशंटना रक्ताच्या ३५० मिलिलिटरच्या पिशव्या लावतो आणि सांडलेलं रक्त हायपोक्लोराइट टाकून पुसून काढतो. रक्ताला बिचकणारी बाई या पेशात टिकत नाही. लेबर रूममधून बाहेर आलेल्या सिस्टरच्या अंगावर पुढून कमरेपर्यंत रक्ताचे शिंतोडे असले, तर नातेवाईक हात जोडतात, बाळंतिणीची आई तिच्या पाया पडायला येते. त्याच सिस्टरच्या सलवारीवर मागच्या बाजूला रुपयाएवढा डाग दिसला की व्हरांड्यातली कुजबुज थांबत नाही, आणि एखादी मावशी तिला बाजूला ओढून आपली ओढणी देते. मावशींचे उपकार मी विसरणार नाही. पण सरकारी व्यवस्था मावशींच्या ओढणीवर चालावी का?

दोन वयांचं मला विशेष वाटतं. पहिलं सतरा-अठराचं. नंदुरबार, गडचिरोली, बीडकडून आलेली मुलगी. घर पहिल्यांदा सोडलेलं, होस्टेलचं जेवण, झोप नाही, परीक्षेचा ताण. पाळीची तारीख अशा वेळी पुढे-मागे होते. तिच्याकडे युनिफॉर्मचे दोनच जोड असतात आणि दुसरा दोरीवर वाळत असतो. दुसरं वय पंचेचाळिशीचं. पाळी जायच्या आधीची ती दोन-चार वर्षं तारखेचा काही हिशेब लागत नाही. दोन महिने काहीच नाही, आणि मग ऐन राउंडमध्ये अचानक. त्यात कोणाला फायब्रॉइड, कोणाला कॉपर-टीमुळे जास्त जाणारं. ही बाई तोवर वॉर्डाची इन्चार्ज असते, ज्युनियर तिच्याकडे पाहून शिकत असतात, आणि ती वर्षाचे बाराही महिने, पाळी असो-नसो, पॅड लावून ड्यूटीवर येते. "मागे बघ गं" म्हणायला तिला बरोबरीची कोणी उरलेली नसते.

आता रंगाचं. आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे हिरव्या किंवा निळ्या कपड्यांत का असतात, हे आपल्याला ठाऊक असेल. तिथेही एके काळी पांढरंच होतं. प्रखर दिव्याखाली लालभडक जखमेवरून नजर उचलून पांढऱ्या कापडावर टाकली की डोळे दिपतात, लालच्या उलट रंगाची छाया डोळ्यांपुढे नाचते. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन या शल्यचिकित्सकाने आपल्या थिएटरमध्ये पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग आणला, पुढे तो जगभर पसरला. म्हणजे पांढऱ्यावर लाल हे कामाला अडचणीचं आहे, हे रुग्णालयांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. सर्जनच्या डोळ्यांची सोय पाहिली गेली आणि ती योग्यच होती. दार उघडून बाहेर वॉर्डात आलं की तोच पांढरा, तोच लाल, फक्त अडचण दुसऱ्या कुणाची.

परंपरेचा मुद्दा निघतोच. परिचारिका म्हणजे पांढरा वेश, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा वारसा, वगैरे. नाइटिंगेलबाई १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी ज्या परिचारिका घेऊन गेल्या, त्यांना करड्या रंगाचे जाड लोकरी झगे होते. ते अतिशय कुरूप होते अशी त्या काळीही तक्रार होती. पण पांढरे नव्हते. पांढरा सार्वत्रिक झाला तो नंतर, जंतूंचा सिद्धांत रुजला आणि स्वच्छता डोळ्यांना दिसली पाहिजे असं वाटू लागलं तेव्हा. त्या काळात ते समजण्यासारखं होतं. जंतू मात्र कापडाचा रंग बघून बसत नाहीत. कापड किती वेळा, कशाने आणि किती गरम पाण्यात धुतलं जातं, त्यावर ते मरतात. आमची धुलाई होस्टेलच्या बादलीत होते, निळीच्या पाण्यातून काढलं की पांढरं दिसतं आणि तेवढ्यावर निभावतं. स्वच्छतेची एवढी काळजी असेल तर रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या कपड्यांसाठी लाँड्री द्या; त्याचा उपयोग पेशंटनाही होईल.

एक आक्षेप मात्र मला पटतो, म्हणून त्याचा विचार केला. पांढऱ्यावर पेशंटचं रक्त, पू, औषध लगेच दिसतं, म्हणून सिस्टर लगेच कपडे बदलते. गडद रंगावर ते कळणार नाही. बरोबर आहे. पण पेशंटचं काय उडतं ते छातीवर, बाह्यांवर, पोटावर. तिथे आपण खुशाल पांढरं ठेवा. आमची मागणी कमरेखालची आहे. पेशंट सिस्टरला ओळखतो तो चेहऱ्यावरून, नावाच्या पट्टीवरून, वरच्या कुडत्यावरून. सलवारीवरून सिस्टरला हाक मारलेली मी तरी ऐकली नाही.

विंबल्डन आठवा. १८७७ पासून चालत आलेली स्पर्धा. पांढऱ्याचा हट्ट एवढा की कपड्याच्या कडेला रंगीत पट्टी असली तर ती एक सेंटिमीटरहून रुंद चालत नाही. त्या ऑल इंग्लंड क्लबने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२३ पासून महिला आणि मुली स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट घालू शकतील. अट एवढीच की ती स्कर्टपेक्षा लांब नसावी. खेळाडू बोलल्या, पाळीची धास्ती घेऊन कोर्टवर उतरावं लागतं म्हणाल्या, आणि नियम हलला. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघातल्या मुलींनी २०२२ च्या युरो स्पर्धेच्या वेळी पांढऱ्या शॉर्ट्सबद्दल हेच सांगितलं. २०२३ च्या विश्वचषकाला त्या निळ्या शॉर्ट्समध्ये उतरल्या. वरचा शर्ट पांढराच राहिला. (आपल्याकडे महिलांचे कसोटी सामने अजून पूर्ण पांढऱ्यात होतात. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईला आपल्या मुलींनी इंग्लंडला हरवलं तेव्हा मी टीव्हीपुढे होते आणि खरं सांगते, फलंदाजीइतकंच लक्ष माझं दुसरीकडे होतं. पेशाची सवय.) टेनिसचा सामना दोन-तीन तासांचा. आमची ड्यूटी आठ तासांची, रात्रीची बारा तासांची, आणि मध्ये कोणी खुर्चीवर बसवून टॉवेल देत नाही.

यावर मला मिळालेली उत्तरं सांगते, म्हणजे आपल्या कार्यालयाचे श्रम वाचतील. "चांगल्या कंपनीचे पॅड वापरा." जाहिरातीतली मुलगी पांढरी पँट घालून उड्या मारते, आणि पॅडवर ओततात ते निळं पाणी. त्या मुलीला कधी ९० किलोच्या बेशुद्ध पेशंटला कुशीवर वळवावं लागलेलं नाही. वजन उचलताना पोटावर जोर येतो आणि तेव्हाच डाग पडतो. "कप वापरा." कप चांगलाच आहे, बारा तास चालतो, ज्यांना जमतो त्यांनी जरूर वापरावा. पण तो काढून धुवायला आत पाणी असलेलं, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह लागतं, आणि अविवाहित मुलीला तो वापरायला सांगितला तर तिच्या घरचे काय म्हणतील याचा विचार सांगणाऱ्याने केलेला नसतो. "तारीख लक्षात ठेवा." याला मी उत्तर देत नाही. ही सगळी उत्तरं बाईने आपल्या शरीरात काय फेरफार करावेत ते सांगतात. कापड बदलायचं कोणाच्या मनात येत नाही.

मासिक पाळीच्या रजेची चर्चा हल्ली जोरात आहे. बिहारमध्ये सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा आहे. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये महिन्याला एक पगारी दिवस देण्याचं धोरण मंजूर केलं. आमच्यातल्या मुलींना ती हवी आहे, आणि ज्यांना पाळीत उलट्या होतात, उभं राहवत नाही, त्यांना ती मिळायलाच हवी. पण पदं रिकामी असलेल्या वॉर्डात एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्यूटी, हेही मला दिसतं. तो मोठा विषय आहे, त्याला पैसा आणि माणसं लागतात. रजा द्याल तेव्हा द्या. पँट आज देता येते.

खर्च जवळजवळ नाही. गणवेशासाठीचा भत्ता मिळतो त्यातून आम्ही कापड घेतो आणि शिवून घेतो. गडद निळं कापड पांढऱ्यापेक्षा महाग नाही, उलट जास्त टिकतं आणि त्याला नीळ लागत नाही. फक्त परवानगी हवी. आज एखाद्या मुलीने पाळीच्या दिवशी गडद सलवार घातली, तर शिस्तभंग होतो. आणि बदल करायचा तर तो सगळ्यांना, सगळे दिवस असू द्या. "पाळीच्या दिवसांत गडद रंग चालेल" असा आदेश कृपा करून काढू नका. जुन्या घरांत बाई कोपऱ्यात बसली की घराला कळायचं. तुमच्या आदेशाने सलवारीचा रंग बघून अख्ख्या वॉर्डाला, ब्रदर आणि मामांनाही कळेल. ब्रदरांनाही तीच गडद पँट द्या. त्यांची काही तक्रार नसेल, मी विचारून पाहिलं आहे. एकाने तर चहाचे डाग लपतील म्हणून आनंदच व्यक्त केला.

आदेश काढताच आहात तर आणखी एक ओळ. पेशंटच्या रक्ताने भिजलेला कापूस, गॉज, बँडेज कुठे टाकायचं, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत लिहिलेलं आहे : पिवळी पिशवी, त्यावर बारकोड, आणि तिथून भट्टी. वॉर्डावॉर्डात तक्ते लावलेले असतात. त्याच वॉर्डाच्या स्टाफ टॉयलेटमध्ये, जिथे ते आहे तिथे, साधी झाकणाची बादली नसते. सिस्टर आपला पॅड कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवते आणि ड्यूटी संपल्यावर होस्टेलवर नेऊन टाकते. पुष्कळ ठिकाणी तर स्वच्छतागृह नातेवाइकांबरोबर सामाईक असतं, बाहेर रांग असते आणि युनिफॉर्ममधली बाई रांगेत दिसली की चार जण तिला आपल्या पेशंटचं विचारतात. प्रत्येक मजल्यावर स्टाफसाठी कडी लागणारं एक दार, पाणी, बादली, एक खुंटी. खुंटी विसरू नका. सलवार ठेवायची कुठे हा प्रश्न ज्याने इमारतीचा नकाशा काढला त्याला कधी पडला नव्हता.

दर १२ मे रोजी परिचारिका दिन होतो. व्यासपीठावर मेणबत्त्या लागतात, पाहुणे आम्हाला पांढऱ्या वेशातल्या देवी म्हणतात, आम्ही टाळ्या वाजवतो. पुढे सोळा दिवसांनी, २८ मे रोजी, मासिक पाळी स्वच्छता दिन. त्याच सभागृहात पोस्टर लागतात, संकोच सोडा, मोकळेपणाने बोला, असं किशोरवयीन मुलींना सांगितलं जातं. सांगायला कोण असतं? पांढऱ्या सलवारीतली सिस्टर. मी हे भाषण कितीदा तरी केलं आहे. समोरच्या एका मुलीने एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही पांढऱ्यात कशा राहता?" मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली नाही. म्हटलं, "दोन पॅड लावून, आणि देवाचं नाव घेऊन." सभागृह हसलं. प्राचार्यबाई हसल्या नाहीत.

आपल्या दोन्ही विभागांच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकतं. विद्यार्थिनींच्या गणवेशासाठी परिचर्या परिषदेशी बोलावं लागेल, ते आपल्या सचिवांना एका बैठकीत जमेल. शब्दही सुचवते : "परिचर्या संवर्गातील सर्व कर्मचारी व विद्यार्थी यांच्या गणवेशातील कमरेखालील वस्त्र गडद निळ्या रंगाचे असेल." त्यात कारण लिहायचं की नाही ते आपण ठरवा. लिहिलंत तर मला आवडेल. न लिहिता काढलंत तरी चालेल, मुलींना कारण माहीत आहे.

वेळेचं एवढं लक्षात घ्यावं की नर्सिंगचे प्रवेश झाले की पहिल्याच आठवड्यात मुलींकडून गणवेशाचे पैसे घेतले जातात आणि ठरलेल्या दुकानातून कापड फाडलं जातं. परिपत्रक त्याआधी निघालं तर नव्या बॅचच्या आईवडिलांना एकदाच खर्च पडेल. त्यानंतर निघालं, तर शेतमजुरी करून फी भरणाऱ्या बापाला पोरीसाठी दुसऱ्यांदा दोन जोड शिवावे लागतील, आणि तो ते पुढच्या वर्षावर ढकलेल.

आपली,
एक निवृत्त परिसेविका